शेततळ्यावर रोही-डुकरं येतात, तेव्हा



नाले आटले की रोही, रानडुकरं, वानरं पाण्यासाठी आपल्या शेततळ्यावरच येतात. टिपेश्वरच्या आजूबाजूच्या गावांत त्यांच्या मागोमाग वाघही येऊ शकतो, म्हणून अंधार पडल्यावर तळ्यावर एकटं जाऊ नका.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात पडलेलं जनावर सहसा स्वतःहून वर येत नाही. ओल्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं, खूर घसरतात, शेवटी दमून बुडतं. खुरांनी प्लास्टिक फाटतं ते वेगळंच. माणसाचंही तसंच होतं, पोहता येत असलं तरी! जनावर काढायला आत उतरू नका, वन विभागाला 1926 वर फोन करा.

उपाय महागाचा नाही. जुने टायर दोराने शिडीसारखे बांधून काठापासून तळापर्यंत सोडा, वरचं टोक पक्क्या खुंट्याला. तार बाहेर आलेला टायर घेऊ नका. शेजारी गाठी मारलेला जाड दोर, तो आपल्या माणसांसाठी. तळ्याला जाळीचं कुंपण असेल तर बाहेर, पिकापासून लांब, एक उथळ टाकं भरून ठेवा. "पाणी ठेवलं तर डुकरं वाढतील" असं काही जण म्हणतात. पण ती तशीही येतातच ना.

कुंपणाच्या तारेत लाइनचा करंट सोडू नका. जागलीला गेलेला आपलाच माणूस त्याला चिकटतो, शिवाय गुन्हा दाखल होतो. सौर झटका मशीनचा करंट थांबून थांबून येतो, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरतं.

पिकाचं नुकसान झालं तर 3 दिवसांत वन विभागाकडे अर्ज द्या. फोटो काढा, आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेलं पीक उचलू नका.