पान पिवळे, दुखणे खुंटाचे

टेंभुर्णीच्या परिसरात ऊसच जास्त; पण ज्याच्या रानात मोसंबी किंवा लिंबू आहे, त्याची एक तक्रार ठरलेली असते. ‘पाने पिवळी पडली, काय मारू?’ फवारणी होते, चार दिवस बाग हिरवी दिसते आणि पुन्हा तेच. दुखणे मात्र बरेचदा डोळा भरलेल्या जागी किंवा त्याच्याही खाली असते.

मोसंबीचे कलम म्हणजे दोन झाडे. वर मोसंबी, खाली जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट. सांधा जुळतो, अन्नपाणी वाहू लागते, पण दोघांची जनुके शेवटपर्यंत वेगळीच राहतात. मातीतून काय आणि किती उचलायचे, यात खुंटाच्या जनुकांचा शब्द चालतो.

आपल्याकडच्या काळ्या मातीत लोह भरपूर असते. पण जिथे चुनखडी जास्त आणि सामू आठच्या आसपास, तिथे ते न विरघळणाऱ्या रूपात अडकते. मूळ आपल्या पृष्ठभागावरच्या एका विकराने त्याचे रूप बदलून ते आत घेते. चुन्यात हे काम किती नेटाने चालते, ते जातीवर ठरते. रंगपूर लिंबू बऱ्यापैकी निभावते. तीन पानी संत्रे, म्हणजे ट्रायफोलिएट, पार हरते. गंमत अशी, की ट्रिस्टेझा या विषाणूला रोखणारे जनुक याच तीन पानी संत्र्यात आहे! एका गुणासाठी परदेशात नावाजलेला खुंट आपल्या चुनखडीत पिवळा पडतो.

ट्रिस्टेझाने 1930च्या दशकापासून दक्षिण अमेरिकेत आंबट संत्र्याच्या खुंटावरची लाखो झाडे मारली. मावा विषाणू पसरवत होता आणि सांध्याखालच्या अन्नवाहिन्या मरत होत्या. वरची जात तीच ठेवून ब्राझीलने खुंट बदलला, रंगपूर लिंबाचा घेतला, आणि बागा उभ्या राहिल्या.

कधी विषाणूही लागत नाही, जोडीच जमत नाही. युरेका लिंबू तीन पानी संत्र्यावर किंवा ब्राझीलची पेरा मोसंबी जंबेरीवर बांधली, तर आधी सगळे ठीक दिसते आणि काही वर्षांनी सांध्यात तपकिरी रेघ उमटते. वेगळ्या खुंटावर तीच जात नीट वाढते. दोष जातींच्या जनुकांतच आहे, खतात नाही. पानांनी बनवलेले अन्न खाली उतरत नाही, मुळे उपाशी राहतात. शेतकऱ्याची पाच-सहा वर्षे तोवर गेलेली असतात.

म्हणून आधी पान नीट पाहावे. नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, तर बहुधा लोह. इथे जमिनीत टाकलेले हिराकस लगेच निकामी होते. ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह टिकते. जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राकडे पाहावे. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे, डागाळलेले पिवळे दिसले तर ग्रीनिंगची शंका घ्यावी. तो सायला किडीमार्फत पसरणारा जिवाणू आहे. आणि शिराच पिवळ्या पडल्या तर चाकू घेऊन सांध्यावरची बोटभर साल काढावी. आत रेघ, खाच किंवा डिंक दिसला तर फवारणीचे पैसे वाचवावेत.

कागदी लिंबू बहुतेक ठिकाणी बियांपासूनच लावतात, त्यामुळे सांध्याचा प्रश्न तिथे येत नाही. ट्रिस्टेझाला मात्र ते इतके हळवे, की जगभर हा रोग ओळखण्यासाठी त्याचीच रोपे वापरतात.

कलम घेताना आपण वरची जात विचारतो, खुंटाची सहसा नाही. जंबेरीच्या एका बीतून अनेक रोपे उगवतात आणि त्यातली बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. पण एखादे संकरित निघते. चांगला रोपवाटिकाधारक अशी वेगळी दिसणारी रोपे डोळा भरण्याआधीच उपटून टाकतो. गाडीत कलमे भरण्यापूर्वी त्याला एवढे विचारावे: खुंट कोणता, बी कुठले, आणि शंभरातली किती रोपे उपटली?