कुत्र्याहून वरचढ नाक कुणाचं?

वासाचा विषय निघाला की सगळ्यांत तीक्ष्ण नाक कुत्र्याचं, असं ठामपणे सांगितलं जातं. जनुकं मोजली तर मात्र पहिला नंबर हत्तीचा लागतो. वासाचे रेणू पकडणारी प्रथिनं, म्हणजे ग्राही, नाकातल्या चेतापेशींवर असतात. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१ मध्ये उंदरात शोधली; २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. अशी चालू जनुकं आफ्रिकी हत्तीत सुमारे २,०००, घरातल्या उंदरात ११००, कुत्र्यात ८०० आणि माणसात ४०० च्या आसपास आहेत.

हा आकडा म्हणजे उत्क्रांतीची गुणपत्रिका, हा समज मला जास्त घातक वाटतो. पेशीत एखाद्या जनुकाची चुकून जादा प्रत तयार होते. जुनी प्रत काम सांभाळत असल्याने नवी बदलायला मोकळी असते आणि कधीतरी वेगळाच रेणू पकडू लागते. उलट, ज्या जनुकावाचून अडत नाही त्यात बिघाड साचत जातात. आपल्या जीनोममध्ये अशी बंद पडलेली चारशेच्या आसपास वास-जनुकं पडून आहेत. डॉल्फिनची तर बहुतेक सगळीच गेली, आणि पाण्यात त्याचं काहीही अडलं नाही.

जनुकं घटली म्हणून आपलं नाक कुचकामी ठरत नाही. एक वास अनेक ग्राही मिळून ओळखतात, त्यामुळे चारशे प्रकारांतूनही जुळण्या अफाट होतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, त्यातलं जिओस्मिन लाख कोटी भागांत मोजके भाग असलं तरी आपल्याला कळतं.

राहिला प्रश्न फेरोमोनचा, म्हणजे एकाच जातीच्या प्राण्यांत एकाकडून दुसऱ्याला इशारा देणाऱ्या रसायनांचा, आणि इथे बाजार तेजीत आहे. म्हशीचं मूत्र हुंगून रेडा मान उंचावतो, वरचा ओठ मुडपतो आणि तसाच थांबतो. बघणाऱ्याला तो हसतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो मूत्रातले रेणू टाळूच्या वर असलेल्या एका खास अवयवाकडे ओढत असतो. या अवयवाच्या ग्राहींची जनुकं उंदरात शेकडो आहेत, प्लॅटिपसमध्येही भरपूर. कुत्र्यात मात्र मोजकीच. माणसात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच शाबूत आहेत. त्या अवयवाचा संदेश पुढे नेणारं ट्रपसी२ हे जनुकही आपल्यात मोडलेलं आहे. तो बिघाड आपल्या आणि आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या समाईक पूर्वजात, दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी झाला.

म्हणून माणसाला फेरोमोन असूच शकत नाही, असंही म्हणता येत नाही. सशाची आंधळी पिल्लं आईच्या दुधातल्या एका रेणूच्या मागावर स्तनाग्र शोधतात, आणि ते काम साध्या नाकानेच होतं. माणसात मात्र असं एकही रसायन आजवर सिद्ध झालेलं नाही. 'फेरोमोनयुक्त' अत्तराच्या बाटलीवरच्या दाव्याला त्यामुळे काडीचाही आधार नाही.