काळी जमीन, रूळ आणि कापूस

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन मोठी गावे आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे चांदूर रेल्वे. एकाची ओळख बाजाराची, दुसऱ्याची आगगाडीची. ही आगगाडी इथे कशी आली आणि ती कोणी सांभाळली, ते आज आपण पाहू.

आपल्या देशात प्रवाशांची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेली. तेव्हा वऱ्हाडात रूळ नव्हते. इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून दूर गंगाकाठी मिर्झापूरला जाई. वाटेत धूळ बसे, पाऊस लागे. माल खराब होई.

१८६१ साली अमेरिकेत आपसातले युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. मग आपल्या कापसाला खूप भाव आला. तो लवकर बंदरावर नेण्यासाठी वऱ्हाडातून रूळ टाकले. भुसावळ, अकोला, बडनेरा, चांदूर अशा वाटेने १८६७ साली गाडी नागपूरला पोचली. पण युद्ध १८६५ सालीच संपले होते. भाव उतरला होता. तेजीच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढले, त्यांच्या गळ्याला फास बसला.

आता जमिनीकडे पाहू. आपली काळी जमीन पराटीला चांगली. ती ओल धरून ठेवते. पण तीच जमीन रुळाला वाईट. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तडकते. तिच्यावर नुसता रूळ ठेवला तर तो एका बाजूला खचेल. म्हणून आधी भराव घालतात. त्यावर खडी पसरतात. खडीवर आडव्या पट्ट्या आणि त्यांवर रूळ. या पट्ट्यांना स्लीपर म्हणतात. खडीतून पाणी निथळून जाते. गाडीचा भारही सगळीकडे सारखा पडतो.

हे काम पूर्वी हातांनीच होई. बायामाणसे टोपल्यांनी माती वाहत. रूळ झाल्यावर त्याची राखण गँगमनकडे आली. त्याची हत्यारं साधीच होती. टिकाव, फावडे, घमेले, पहार आणि हातोडा. खडी सैल झाली की तो टिकावाने ती स्लीपरखाली ठोकून बसवी. दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर लागते. ते बिघडले तर डबा रुळावरून उतरतो. म्हणून ते अंतर मापाने तपासत. एक माणूस रोज रुळाच्या कडेने चालत जाई. रूळ धरून ठेवणारी पाचर निसटली असेल तर ती पुन्हा ठोकी. धोका दिसला की लाल बावटा दाखवी, रात्री लाल कंदील.

उन्हाळ्यात लोखंड तापून लांब होते. म्हणून रुळांच्या सांध्यात थोडी फट ठेवत. चाक त्या फटीवरून गेले की खटक-खटक आवाज होई. फट नसेल तर कडक उन्हात रूळ वाकडा होतो. म्हणून वैशाखाच्या भर दुपारीही त्याला घरी बसून चालत नसे.

रुळाच्या पलीकडे वावरात शेतकरी त्याच जमिनीशी झटे. वखर, तिफण आणि डवरा ही त्याची हत्यारं. डवरा फिरला की जमिनीच्या भेगा बुजतात आणि ओल टिकते. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला येई. मग तो बंडीत भरून निघे. दोघेही एकाच मातीला सांभाळत होते. एक पिकासाठी, दुसरा गाडीसाठी.

आज बहुतेक ठिकाणी सिमेंटचे स्लीपर आहेत. खडी ठोकायला यंत्रे आली आहेत. रूळ जोडून लांबच लांब केले आहेत. तरी रुळावरून पायी चालत जाणारा माणूस आजही लागतो.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. घरच्या कामासाठी रुळाची खडी उचलून आणू नये. भरावाची मातीही खणू नये. आपल्याला ते एक घमेलेच वाटते. पण तेवढ्याने रूळ खचू शकतो. आणि त्या गाडीत आपलाच लेक परगावाहून घरी येत असेल.