मोटारीच्या कापडी आसनांवरील रुई व केस काढणे

मोटारीच्या कापडी आसनांवरील रुई व केस काढणे ही मोटारीच्या अंतर्भागाच्या स्वच्छतेतील एक क्रिया आहे. आसनावर दिसणारी 'लव' तीन प्रकारची असते: बाहेरून आलेले कापसाचे सुटे तंतू, माणसांचे किंवा पाळीव प्राण्यांचे केस आणि आसनाच्या कापडाच्याच झिजेतून वर आलेले धागे. या तिन्हींवर एकच उपाय चालत नाही. तिसरा प्रकार तर ओढून काढणे हानिकारकच असते.

वर्धा जिल्ह्यातील संदर्भ

कापूस हे वर्धा जिल्ह्याचे एक प्रमुख पीक आहे. 'हिंगणघाट' हे नाव ब्रिटिश काळात कापसाच्या व्यापारात एका प्रतीचे नाव म्हणून रूढ होते. दिवाळीच्या आगेमागे वेचणी जोर धरते आणि त्यानंतर काही महिने शेतापासून बाजार व जिनिंग कारखान्यांपर्यंत कापसाची ने-आण चालू राहते. जिनिंगमध्ये सरकीपासून तंतू वेगळे केले जातात. एक क्विंटल कापसातून साधारणतः ३३ ते ३५ किलो रुई मिळते. या कामातील माणसांच्या सदऱ्याला व पदराला चिकटलेले तंतू त्यांच्याबरोबर मोटारीत येतात. सोबत पऱ्हाटीच्या वाळक्या पानांचा चुराही असतो. तो हाताने चोळला की बारीक होऊन विणीत शिरतो, म्हणून प्रथम तो अलगद वेचून घ्यावा लागतो.

तंतू व केस का अडकतात

मोटारीच्या आसनांचे कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर मात्र सुमारे ०.४ टक्केच. ओलावा नसल्याने घर्षणातून निर्माण झालेला स्थितिक विद्युतभार पॉलिएस्टरवर टिकून राहतो आणि हलके तंतू त्याकडे ओढले जातात. विदर्भातील कोरड्या हिवाळ्यात व उन्हाळ्यात हा परिणाम अधिक जाणवतो. मोटारीतून उतरताना दाराला हात लावल्यावर बसणारा बारीकसा झटका याच भाराचा असतो.

कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. या नैसर्गिक पिळामुळे तंतू एकमेकांना धरून राहतात. सूत कातता येते ते याच गुणामुळे, आणि आसनावरची रुई सहज निघते तीही याच गुणामुळे. किंचित ओलसर रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवला की विखुरलेले तंतू गोळा होऊन त्यांची वळी तयार होते. सेवाग्रामच्या परिसरात कताई पाहिलेल्याला ती पेळूची आठवण करून देईल. एकेक तंतू चिमटीत धरून काढत बसणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय होय.

केसाचे तसे नाही. त्याच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक खवले असून त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने मात्र अडतो. बसण्या-उठण्याच्या प्रत्येक घर्षणाबरोबर तो सुईप्रमाणे विणीत आत जातो. आखूड केसांच्या कुत्र्याचे केस म्हणूनच अधिक चिवट ठरतात.

पद्धती

आसन कोरडे असतानाच आरंभ करावा. आधीच पाणी मारल्यास रुईचा लगदा होऊन शिवणीत बसतो. व्हॅक्यूम क्लीनरचे अरुंद तोंड शिवणीच्या बाजूने फिरवल्यावर वर सांगितल्याप्रमाणे रबरी हातमोजा वापरतात. खोल गेलेल्या केसांसाठी काच पुसण्याचे रबरी पाते आखूड फटक्यांनी, दिशा बदलत ओढतात. वर आलेले केस मग चिकटपट्टीने उचलता येतात. पाय घासण्याच्या खरखरीत दगडाने केस निघतात खरे, परंतु त्याबरोबर कापडाचे धागेही तुटतात.

दाबाच्या हवेने आसन फुंकून काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. तीत तंतू जागा बदलतात, मोटारीतून जातातच असे नाही. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने धूळ फुंकणारे यंत्र पाहून हाच आक्षेप घेतला होता. त्याने उपाहारगृहातील गादीदार आसनावर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली आणि १९०१ मध्ये शोषणावर चालणारे सफाई यंत्र तयार केले. शिवाय उडालेली कापूसधूळ श्वासावाटे आत जाते. दीर्घकाळ अशा धुळीत काम करणाऱ्या गिरणी कामगारांना बिसिनोसिस हा श्वसनविकार होतो. मोटार साफ करणाऱ्याचा धुळीशी संबंध त्या मानाने अल्प असला, तरी रोज हेच काम करणाऱ्याने नाकातोंडावर कापड बांधणे इष्ट आहे.

पुढील आसनांच्या कडेला काही मोटारींत एअरबॅग व बैठकीखाली संवेदक असतात. तेथे पाणी झिरपू देऊ नये.

तंतूंची ओळख

लव कोणत्या प्रकारची आहे याविषयी शंका असल्यास थोडे तंतू मोटारीपासून दूर, उघड्यावर, चिमट्यात धरून जाळून पाहता येतात. कापूस कागदासारखा जळून मऊ राख उरते. केसाला जळक्या शिंगासारखा वास येतो आणि मागे चुरगळणारी काळी गुठळी राहते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. मणी झाला, तर ती लव आसनाचीच आहे असे बहुधा समजावे. असे गोळे कपड्यांवरील गोळे कापण्याच्या यंत्राने वरच्यावर कापतात. ओढल्यास आतील धागा सैल होऊन त्याच जागी नवा गोळा तयार होतो.

हंगामापुरती आसनावर जुनी सुती चादर पसरण्याचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. ती रोज मोटारीबाहेर झटकावी लागते, एवढेच.