लेखांक ९ : कपाटातला सांगाडा, तळघरातले प्रेत

इंग्रजीत घराण्याचे झाकून ठेवलेले लाजिरवाणे गुपित म्हणजे कपाटातला सांगाडा. जर्मनमध्ये तेच गुपित तळघरात असते आणि तिथे सांगाडा नव्हे, प्रेत असते. ‘स्केलेटन इन द कपबर्ड’ आणि ‘आइने लाइशे इम केलर’ यांचा अर्थ जवळपास एकच असल्याने जर्मनभाषक विद्यार्थ्याला ही जोडी सोपी वाटते, आणि तिथेच तो फसतो. गुपित फोडण्यासाठी वापरतात त्या ‘पोत्यातून मांजर बाहेर सोडणे’ या वाक्प्रचाराचे निराळे. ते मांजर दोन्ही भाषांत सारखेच असल्याने शब्दाला शब्द ठेवून भागते. तोच हिशेब इथे लावून एखाद्या मंत्र्याच्या तळघरात प्रेत असल्याचे इंग्रजीत सांगितले, तर ऐकणाऱ्याला खून झाल्याचीच शंका येईल.

कपाटाचीही एक गंमत आहे. जर्मन कपाटात, म्हणजे ‘श्रांक’मध्ये, कप असतात आणि ज्याच्या श्रांकमध्ये सगळे कप नाहीत तो डोक्याने कमी, असा तिथला वाक्प्रचार आहे. इंग्रजी ‘कपबर्ड’ हीसुद्धा मुळात कप मांडायची फळीच. दार लावून आत काही दडवण्याची सोय तिला पुढे मिळाली. अमेरिकेत सांगाडा ‘क्लॉझेट’मध्ये असतो. ब्रिटिश इंग्रजी शिकणाऱ्याने कपबर्ड म्हणावे, हे ठीक. पण समलैंगिक व्यक्तीने आपली ओळख उघड करण्याला ब्रिटनमध्येही क्लॉझेटमधूनच बाहेर येणे म्हणतात. तिथे कपबर्ड घातले तर हसू होते. जर्मनने या अर्थासाठी कपाट घेतलेच नाही, इंग्रजी ‘आउट’ उचलून ‘झिश आउटन’ असे क्रियापद बनवले.

इंग्रजी सांगाड्याच्या वाक्प्रचाराची उगमकथा मात्र विद्यार्थ्यांच्या गळी फार लवकर उतरते. १८३२च्या अ‍ॅनाटमी अ‍ॅक्टपूर्वी इंग्लंडमध्ये विच्छेदनासाठी कायदेशीर मार्गाने फार थोडी प्रेते मिळत. त्यामुळे डॉक्टर चोरीची प्रेते घेत आणि सांगाडे कपाटात लपवत, म्हणून हा वाक्प्रचार आला, असे सांगतात. प्रेतांची चोरी खरीच होती. पण वाक्प्रचाराशी तिची सांगड घालणारा पुरावा नाही. १८१६मधला एक छापील वापर वेगळीच दिशा दाखवतो: तिथे विषय आहे घराण्यात चालत आलेल्या आजाराचा, जो लोकांपासून लपवला जातो. लग्नाच्या बोलणीत असा आजार दडवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पुढे कोलकात्यात जन्मलेल्या इंग्रजी कादंबरीकार थॅकरेने हा सांगाडा वापरला आणि तो घरोघरी पोहोचला.

इंग्रजी सांगाड्याला कुटुंबाचा वास अजून आहे. राजकारणी, संस्था यांच्याबद्दलही तो वापरतात, पण आधी आठवते ते घराणेच. जर्मन प्रेत मात्र कंपन्यांच्या व्यवहारात सहज वावरते. खरेदी केलेल्या कंपनीच्या जुन्या वह्यांत दडवलेले नुकसान सापडले, की ते तळघरातले प्रेत. मात्र नुसते ‘इम केलर’ म्हटले तर गुपिताचा संबंध सुटतो: शेअरचा भाव किंवा मनःस्थिती ‘इम केलर’ असेल, तर ती तळाला गेलेली असते.

शब्दकोशांत सांगाड्यासमोर आणखी एक जर्मन प्रयोग येतो: ‘ड्रेक आम श्टेकन’, काठीला लागलेला चिखल. तो माणसाच्या स्वतःच्या कृत्याबद्दल असतो. आजोबांच्या तुरुंगवासाला इंग्रजीत सांगाडा म्हणता येते. नातवाच्या काठीला मात्र त्याने चिखल लागत नाही. भाषांतर करताना आधी पाहायचे ते दोष कोणाचा हे. सांडलेल्या बीन्स पुढच्या आठवड्यात.