पहिली विनंती उघडीच जाते

शिर्डीत पिंपळवाडी रोडवरच्या एका लॉजच्या काउंटरमागे वेबसाइटचं काम चाललं होतं. काम तसं छोटं. ‘एचटीटीपी’च्या जुन्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ‘एचटीटीपीएस’वर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, वळवायचं. गिऱ्हाइकांच्या क्रोममध्ये पत्त्यापाशी ‘सुरक्षित नाही’ असं दिसायचं आणि खोली बुक करण्याआधी परगावचे भक्त फोन करून खात्री करायचे. हा शिक्का क्रोम जुलै २०१८ पासून सगळ्याच एचटीटीपी पानांवर मारतं.

“सर्टिफिकेट तर कधीच घेतलंय, मग अजून तेच का?” मालकांनी विचारलं.

काम करणाऱ्या मुलाने आधी नुसतं दाखवलं. लॅपटॉपचा हॉटस्पॉट सुरू केला, स्वतःचा फोन त्याला जोडला आणि लॅपटॉपवर वायरशार्क हे जोडणीवरून जाणारी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. फोनवरून लॉजचा बुकिंग फॉर्म भरला: खोटं नाव, खोटा मोबाइल नंबर, आधारच्या रकान्यात मनाने बारा आकडे. ‘पाठवा’ दाबताच लॅपटॉपच्या पडद्यावर ओळींमागून ओळी सरकल्या. त्यातल्या एकीवर त्याने बोट ठेवलं. नाव, नंबर, बाराच्या बारा आकडे, कुणालाही वाचता यावेत असे. मालक खुर्ची सोडून जवळ आले. स्टँडवरच्या किंवा एखाद्या हॉटेलातल्या फुकट वायफायवर मधे बसलेल्या माणसाला हेच दिसलं असतं.

एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट असूनही हे का घडत होतं, त्याचं कारण साइट ज्यावर चालत होती त्या वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये सापडलं. तिथे साइटचा स्वतःचा पत्ता अजून जुनाच होता. त्यामुळे कुणी सुरक्षित दाराने आला तरी साइटच त्याला उघड्या दाराकडे परत पाठवत होती. मुलाने सर्व्हरवर वळवण्याच्या दोन ओळी लिहिल्या आणि पान उघडलंच नाही. सर्व्हर म्हणतो सुरक्षितकडे जा, वर्डप्रेस म्हणतं जुन्याकडे जा. अशा फेऱ्या वीसवर गेल्या की क्रोम नाद सोडतं. सेटिंगमधला पत्ता बदलल्यावर पान उघडलं.

ही वळवणी त्याने आधी ३०२ क्रमांकाची ठेवली होती. ३०२ म्हणजे तात्पुरती, ३०१ म्हणजे कायमची. ३०१ ब्राउजर लक्षात ठेवतो. चूक राहिली तर ती गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये जाऊन बसते आणि तिथून काढणं आपल्या हातात नसतं. मला ही सावधगिरी फार मोलाची वाटली, कारण घाईत थेट ३०१ लावून मोकळे होणारेच जास्त.

आता पत्त्यापुढे ‘एचटीटीपीएस’ दिसू लागलं. मालकांच्या लेखी काम संपलं होतं. मुलाने मात्र पुन्हा फॉर्म भरला. क्रोमने इशारा दिला, तो ओलांडून त्याने ‘तरीही पाठवा’ दाबलं. वायरशार्कमध्ये बारा आकडे पुन्हा जसेच्या तसे! पान सुरक्षित होतं, पण फॉर्मच्या आत माहिती पाठवण्याचा पत्ता कुणीतरी पूर्वी हाताने लिहून ठेवलेला, तो जुनाच. माहिती आधी उघड्या वाटेने निघाली आणि मग सर्व्हरने ब्राउजरला वळवलं. वळवणीच्या बाबतीत हेच नीट समजून घ्यायला हवं. पहिली विनंती सर्व्हरपर्यंत उघडीच पोचते, त्यानंतरच ‘तिकडे जा’ हे उत्तर मिळतं. जे त्या विनंतीबरोबर गेलं, ते गेलंच.

त्याने फॉर्ममधला पत्ता दुरुस्त केला, मग फोटोंचे आणि आरतीच्या वेळांच्या पानाचे जुने दुवे शोधून बदलले. तिसऱ्यांदा फॉर्म भरला, तेव्हा पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी होती. मग ३०२चं ३०१ झालं.

तरीही पहिल्या उघड्या विनंतीची फट उरतेच. बसमधून उतरलेल्या भक्ताला लॉजपर्यंत पोचण्याआधीच एजंटाने हाताला धरून भलतीकडे न्यावं, तसं त्या फटीत घुसता येतं, हे मॉक्सी मार्लिनस्पाइक या संशोधकाने २००९ मध्ये दाखवून दिलं. त्यावर २०१२ मध्ये एचएसटीएस हा नियम प्रमाण झाला. सर्व्हर ब्राउजरला एकदा सांगतो की, इतके सेकंद माझ्याकडे उघड्या वाटेने यायचंच नाही. मुलाने आधी ३०० सेकंद ठेवले. सगळं सुरळीत चाललं, तर पुढे ३,१५,३६,००० करायचे, म्हणजे एक वर्ष.

“मग जुनं दार बंदच करून टाका ना,” मालक म्हणाले. मुलाने काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केला. आत जुनाच पत्ता. तोच कोड कार्डांवर आणि कॅलेंडरांवर छापून गावोगावच्या घरांत गेलेला. शिवाय लॉजचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं, फुकट पण ९० दिवसांचं. इथे त्याच्या नूतनीकरणाची तपासणी त्याच जुन्या दारातून, पोर्ट ८० वरून, होते. म्हणून दार उघडं ठेवायचं, पण तिथे वळवण्यापलीकडे काहीही करायचं नाही.

भक्तांनी एक ध्यानात ठेवावं. एचटीटीपीएस वाट सुरक्षित असल्याची हमी देतं, पलीकडच्या माणसाच्या प्रामाणिकपणाची देत नाही. खोट्या साइटलाही सर्टिफिकेट मिळतं. यात्रेकरूंना बनावट बुकिंग साइटींवर फसवलं जातं, असा इशारा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

आणि लॉजवाल्यांना एक विनंती. आपल्या खोल्यांच्या पानाचा पत्ता ‘एचटीटीपी’ लावून पूर्ण टाइप करून बघा. सुरक्षित पत्त्यावर, आणि मुखपृष्ठावर नव्हे तर त्याच पानावर, पोचलात तर निम्मं काम झालंय. उरलेलं निम्मं तुमच्या फॉर्ममध्ये आहे. ते आजच कुणाकडून तरी तपासून घ्या.