पैसे न भरता शोधनिबंध कसा मिळवायचा

भोसरी एमआयडीसीत दुचाकीचे बॅटरी पॅक जोडणारं छोटं युनिट असो, नाहीतर आकुर्डी-निगडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला प्रोजेक्ट ग्रुप. सेल का तापतात हे शोधायला बसलं की काम एकाच जागी अडतं. शोधनिबंधाचा सारांश वाचायला मिळतो आणि पूर्ण निबंधासाठी तीस-चाळीस डॉलर मागितले जातात.

यातलं लेखकाच्या हाती सहसा काहीच पडत नाही. संशोधक मानधनाशिवाय लिहितो, दोन-तीन तज्ज्ञ विनामोबदला तपासतात आणि पैसे प्रकाशक घेतो. संशोधनाचा खर्च मात्र बऱ्याचदा सरकारी अनुदानातून, म्हणजे आपल्या करातून झालेला असतो. मला हे अन्यायाचं वाटतं. तरी तोच निबंध कायदेशीर मार्गानं फुकट मिळण्याची शक्यता बरीच असते.

अनेक संशोधक निबंध जर्नलकडे पाठवतानाच त्याची एक प्रत सार्वजनिक सर्व्हरवर ठेवतात. हा प्रीप्रिंट. १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामॉसमध्ये सुरू केलेलं आर्काइव्ह हे यातलं मोठं नाव. जवळचंच उदाहरण घ्या: चाकणवरून नाशिक रस्त्यानं नारायणगाव गाठलं की जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या निरीक्षणांचा आधार घेऊन भारतीय आणि युरोपीय गटांनी जून २०२३ मध्ये अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या खुणा जगापुढे मांडल्या. तो निबंध आर्काइव्हवर २३०६.१६२१४ या क्रमांकानं कुणालाही वाचता येतो. क्रमांकातले २३ म्हणजे वर्ष, ०६ म्हणजे जून, पुढचा आकडा त्या महिन्यातला अनुक्रम. त्यापुढे व्ही१, व्ही२ असं दिसलं तर ती आवृत्ती. समीक्षकांच्या सूचनांनंतरची दुरुस्त प्रत बहुधा नव्या आवृत्तीत येते, म्हणून शेवटचीच उघडावी. बॅटरीच्या रसायनशास्त्रासाठी केमआर्काइव्ह बघावं.

पण प्रीप्रिंट टाकताना तज्ज्ञांची तपासणी झालेली नसते. जानेवारी २०२० च्या अखेरीस दिल्लीतल्या संशोधकांनी कोरोना विषाणूचं एचआयव्हीशी विलक्षण साम्य असल्याचा प्रीप्रिंट टाकला. जगभरच्या जाणकारांनी त्यातल्या उणिवा दाखवल्या आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. सगळं उघड्यावर होतं म्हणूनच चूक इतक्या लवकर पकडली गेली. तरीही पॅकची सुरक्षितता प्रीप्रिंटमधल्या एखाद्या आलेखाच्या भरवशावर सोडू नये. त्यासाठी दुचाकी-तिचाकीच्या बॅटऱ्यांना लागू असलेलं एआयएस-१५६ हे मानक आधी वाचावं. ते एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत आहे.

काही जर्नल मुळातच सर्वांना खुली असतात. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचं वैद्यकीय जर्नल असं आहे, एआरएआयचं मोबिलिटी टेक्नॉलॉजीवरचं जर्नलही. अशा जर्नलचा खर्च कुठे संस्था उचलते, कुठे लेखकाकडून शुल्क घेतात. या शुल्कावर डोळा ठेवून बोगस जर्नलांचं पीक आलं. संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीची चिकित्सा मांडली. विद्यापीठांच्या शिफारशीनं यादीत आलेल्या, पण मोठ्या सूचींत नसलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा तिचा निष्कर्ष होता. 'आठवड्यात छापून देतो' अशा मेलला विद्यार्थ्यांनी उत्तरच देऊ नये.

पैसे मागणाऱ्या जर्नलांची वर्गणी सरकारनंच भरावी म्हणून १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. योजना मोठी आहे, पण पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता. आपल्या भोसरी-आकुर्डी पट्ट्यातली बरीच कॉलेजं खासगी आहेत, आणि कारखाने तर हिशेबातच नाहीत. म्हणून वरचे मार्ग इथे जास्त कामाचे.

सुरुवात गूगल स्कॉलरपासून करा. निबंधाचं पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाका. उजवीकडे पीडीएफ दिसली तर प्रश्न मिटला. नसेल, तर नोंदीखालच्या 'ऑल व्हर्जन्स'वर जा. लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारातली प्रत अनेकदा तिथे सापडते. तिथेही नसेल, तर सारांशाच्या पानावर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाला चार ओळींचा मेल करा: आपण काय बनवतो, कुठे अडलोय, कोणता निबंध हवा. सेलचा प्रकार आणि तापमान किती चढतं तेही लिहा, म्हणजे नेमका उपयोगी पडेल असा दुसरा निबंधही त्यांना सुचवता येईल.